दुपारचं पाणी

एप्रिल संपत आला की मी कूलर काढतो. गच्चीच्या कोपऱ्यात वर्षभर प्लास्टिक पांघरून पडलेला तो पत्र्याचा डबा ढकलत ढकलत खिडकीशी आणायचा, जुन्या ताट्या फेकायच्या, नव्या खसाच्या बसवायच्या, टाकीत बादल्यांवर बादल्या ओतायच्या. बायको होती तोवर हे काम दोघांचं होतं, म्हणजे मी करायचो आणि ती चुका काढायची. आता चुका काढायलाही कोणी नाही. मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, एसी घेऊन टाका ना एकदाचा." मी म्हणतो, घेऊ. दरवर्षी म्हणतो. नागपूरच्या उन्हाळ्यात एसी नको म्हणणारा म्हातारा हट्टीच असणार, हे मला मान्य आहे.

पण पहिलं पाणी ताट्यांवर पडतं, पंखा घरघरतो आणि त्या वाळल्या गवताचा ओला वास खोलीभर होतो, तेव्हा मला काही सुचेनासं होतं. वास खसाचा असतो. मला मात्र तो भिजवलेल्या बारदानाचा येतो. मग मी पुन्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा होऊन चंद्रपूरच्या बाहेर एका अर्धवट इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर उभा असतो, डोक्यावर रुमाल, खिशात कोणी उत्तर न दिलेल्या पत्रांची यादी. आणि मागून कोणीतरी विचारतं, "जेवले का जी साहेब?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरच्या बाहेर एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि मी तिथे नवाकोरा ज्युनिअर इंजिनिअर होतो. आमच्या घरातला पहिला इंजिनिअर, आमच्या वस्तीतलाही पहिलाच. आजोबा गिरणीत होते, वडील रेल्वेच्या यार्डात. निघायच्या आदल्या दिवशी विहारात सगळी वस्ती जमली होती. माझ्या गळ्यात हार घातला, पेढे वाटले, एका म्हाताऱ्या काकांनी माझा हात धरून सांगितलं, "पोरा, आता तुझ्याकडे पाहूनच बाकीचे पोट्टे शिकतील. नाव सांभाळजो." तो हार मी बॅगेत घालून चंद्रपूरला नेला. तो तिथे वाळून त्याच्या काड्या झाल्या, तरी टाकवत नव्हता.

गावाच्या टोकाला एक खोली भाड्यानं घेतली होती. दोरीवर पांढरा शर्ट वाळत घालावा तर संध्याकाळी कोळशाच्या धुळीनं राखाडी होऊन हाती यावा. मी तसा चिडका माणूस, लोकांत पटकन मिसळणारा नाही. साइटवरचे बाकीचे इंजिनिअर बायकापोरांचे, आपापल्या क्वार्टरमध्ये जाणारे. संध्याकाळ झाली की मला काय करावं ते कळत नसे. मग मी एस.टी. स्टँडवर जायचो आणि नागपूरची गाडी सुटेपर्यंत उभा राहायचो. कंडक्टर ओळखायला लागला होता. "चलता का आज?" असं विचारायचा. मी म्हणायचो, उद्या. गाडी गेली की परत खोलीवर येऊन पत्रं लिहायची. भावाला, कॉलेजच्या मित्रांना, एकदा तर शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनासुद्धा लिहिलं. त्या उन्हाळ्यात मी लिहिली तेवढी पत्रं पुढे जन्मात लिहिली नाहीत. उत्तरं येत नव्हती. लोक आपापल्या कामात असतात, हे आता कळतं. तेव्हा राग यायचा.

शेवंताबाई पाणीवाली. काँक्रीट टाकल्यावर त्याला आठ-पंधरा दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर ते कच्चं राहतं आणि तडकतं. हे पाणी घालायचं काम आमच्या साइटवर तिच्याकडे होतं. पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यातली, पन्नाशीची, उंच, काटक. गावी धानाच्या दोन-तीन बांध्या होत्या, बांध्या म्हणजे धानाची लहान लहान शेतं. धान निघालं की ती बांधकामावर यायची आणि रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी परत जायची. तिचं काम पाहण्यासारखं होतं. घट्ट झालेल्या स्लॅबवर ती मातीचे वीतभर उंचीचे बांध घालायची, अगदी शेतात घालतात तसे, कोपरे हातानं चोपून, आणि आत पाणी सोडायची. खालून कोणी वर आलं तर त्याला वाटावं, इमारतीच्या माथ्यावर कोणी धान पेरायला घेतलं आहे. तिच्या बांधाला कधी गळती लागली नाही.

पहिल्याच महिन्यात तिनं मला विचारलं होतं, नागपुरात कुठी राह्यता म्हणून. मी वस्तीचं नाव सांगितलं, विहाराचं सांगितलं. तिनं फावडं टेकवलं. "आपलेच व्हय," ती म्हणाली. एवढंच. पण त्या दिवसापासून रोज दुपारी बारा-साडेबाराला ती विचारायची, जेवले का जी साहेब. साइटवर शंभर-दीडशे माणसं होती. हा प्रश्न विचारणारी ती एकटी. मी कधी नाही म्हटलं की तिच्या डब्यातून काहीतरी माझ्यासमोर यायचं. शिळा भात आणि मिरचीचा भुरका, कधी पानाच्या द्रोणात टेंभरं, म्हणजे तेंदूची पिकली फळं, कधी चाराची फळं. "साहेबाले असं देऊ नोको," असं मुकादम एकदा तिला म्हणाला. ती म्हणाली, "साहेबाले पोट नाई का?"

एप्रिलच्या शेवटी ती माझ्याकडे आली. "साहेब, मी आता पान तोडाले जातो. पंधरा दिस. मंग येतो वापस."

तेंदूपानाचा हंगाम म्हणजे त्या मुलखात सगळ्यात मोठी गोष्ट. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी बसून पुडे बांधायचे. अख्खी गावं रिकामी होतात. पंधरा-वीस दिवसांत जे हाती येतं त्यावर पावसाळा निघतो. मी तिला म्हटलं, "बाई, या वर्षी थांबा. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडायचा आहे. तुमच्यासारखं पाणी कोणी मारत नाही." हे खरं होतं. पण पुरतं खरं नव्हतं. पंधरा दिवस कोणी जेवले का म्हणून विचारणार नाही, हे मला नको होतं. तिनं विचारलं, "तुमची पयलीच स्लॅब होय ना ही?" मी हो म्हटलं. "मंग थांबतो," ती म्हणाली. तिची सून आणि जाऊ पानाला गेल्या, ती राहिली.

हा स्लॅब नेहमीचा नव्हता. नेहमीच्या स्लॅबखाली फळ्या आणि बल्ल्या असतात. काँक्रीट पक्कं झालं की त्या काढून घेतात. इथे लोखंडी गर्डरांवर पन्हाळी पत्रा अंथरला होता आणि काँक्रीट त्याच्यावरच ओतायचं होतं. पत्रा काढायचा नाही, तो जन्मभर खाली राहणार आणि वजनही धरणार. आमच्याकडे तेव्हा हे नवं होतं. आमचे मिस्त्री रशीदभाई, चंद्रपूर शहरातले, तीन पिढ्यांचे गवंडी. ते त्या पत्र्याकडे बघून म्हणाले होते, "साहेब, हे त कढईत पिठलं वतल्यासारखं होऊन राह्यलं." मेच्या दुपारी त्या पत्र्यावर खरोखर पिठलं शिजलं असतं. बाया पायांना ओलं बारदान गुंडाळून त्याच्यावरून चालायच्या.

अशा स्लॅबची एक खोड असते. दोन गर्डरांच्या मधे तो किंचित झोल खातो आणि गर्डरच्या माथ्यावर ताणला जातो. भाकरी दुमडली की बाहेरून तडकते, तसं. म्हणून वरच्या अंगाला सळयांची जाळी असते. ती वरच राहिली पाहिजे. काँक्रीट टाकताना घमेली घेतलेली माणसं तिच्यावरून चालतात, ती दबते, म्हणून तिच्याखाली वाकवलेल्या सळईचे पाय उभे करतात. त्यांना मिस्त्री लोक घोड्या म्हणतात. घोड्या पुरेशा आहेत की नाहीत, जाळी जागेवर आहे की नाही, हे उभं राहून पाहणं माझं काम होतं. त्या मजल्यावर माझं दुसरं कामच नव्हतं.

ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून पहाटेपासून मिक्सर लावला होता. नऊला रशीदभाई माझ्याजवळ आले. "साहेब, जाळी बसून राह्यली. घोड्या कमी पडते. जरा थांबवू का?"

मी घड्याळ पाहिलं. नऊला साइट ऑफिसात डाक यायची. "चालू द्या," मी म्हटलं, "आकड्यानं उचलून घेत जा. मी आलोच."

आणि मी खाली गेलो. ते ऑफिस आजही डोळ्यांसमोर आहे, टेबलावर पंखा, कोपऱ्यात माठ, डाकेची थैली उघडणारा कारकून, जो प्रत्येक पाकिटावरचा पत्ता ओठ हलवत वाचायचा. मी बाकावर बसून राहिलो. त्यानं सगळी पाकिटं लावली, मग मासिकं लावली, मग मला म्हणाला, "नाई आलं जी तुमचं." मला वाटलं, थैलीच्या तळाशी एखादं पोस्टकार्ड राहिलं असेल. मी त्याला थैली झटकायला लावली. त्यात काही नव्हतं. तरी मी तिथून उठलो नाही. पंख्याखाली आणखी बराच वेळ बसलो, आणि वर गेलो तेव्हा तास उलटून गेला होता, काँक्रीट गर्डरांच्या चारही रांगांवरून पुढे सरकलं होतं. काठीनं खुपसून पाहिलं. जाळी तळाला, पत्र्याला टेकली होती. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. माणसं तेवढीच, हात तेवढेच. घमेली वाहायची की जाळी उचलायची? मी शेवटचा पट्टा तेवढा नीट करून घेतला. साडेदहाला काम संपलं. लोकांनी गूळ वाटला, मोठा स्लॅब पडला की वाटतात.

त्या दुपारी मी वर गेलो नाही. मला तो स्लॅब बघवत नव्हता आणि रशीदभाईंची नजर तर त्याहून नाही. शेवंताबाईला खालूनच ओरडून सांगितलं, "बाई, बारदान टाकून ओलं ठेवा. उद्यापासून बांध घाला." ती म्हणाली, हाव जी. केव्हा केव्हा पाणी घालायचं, ते मी सांगितलं नाही. ती विचारणार तरी कशाला? जन्मभर पाणी देत आलेली बाई.

तिनं बारदान एकदा भिजवून अंथरलं आणि दिवस कलायची वाट पाहत बसली. हिवाळ्यातल्या स्लॅबला तिच्या या पद्धतीनं काही झालं नव्हतं. ही मेची दुपार होती. वरून ऊन, खालून तापलेला पत्रा, झळा सोडणारं वारं. तासाभरात बारदान कडक झालं. पाच वाजता, सावल्या लांबल्यावर, तिनं पाईप लावला आणि पोटभर पाणी पाजलं.

सकाळी बारदान उचललं तेव्हा आम्ही सगळे होतो. दोन तऱ्हेचे तडे होते. एक बारीक, केसासारखे, आटलेल्या बोडीच्या, लहान तळ्याच्या, तळाला पडतात तसं जाळं. ते पाण्याचे. आणि दुसरे चार, लांबच लांब, सरळ, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, सुतानं आखल्यासारखे. प्रत्येक गर्डरच्या माथ्यावर एक. त्यांचा पाण्याशी फारसा संबंध नव्हता. ते माझ्या त्या तासाचे होते. मला बघताक्षणी कळलं. रशीदभाईंना कळलं. तिसऱ्या कोणाला कळलं नाही.

शेवंताबाई उकिडवी बसून एका लांब तड्यावरून बोट फिरवत होती. मी चिडून विचारलं, "बाई, दुपारी पाणी घातलं नव्हतं?"

"नाई जी," ती म्हणाली. "भर उन्हात घातलं त पानी तापते. पऱ्हे उकडून जाते. दिस कलला का पाजाचं असते." पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. मग तिनं वर पाहिलं. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही, कारण तिला लगेच पटलं होतं. "माह्यानं झालं का हे सारं?"

हो किंवा नाही, दोन्हीपैकी काहीतरी मी म्हणायला हवं होतं. मी वहीत तड्यांची लांबी लिहायला लागलो.

मोठ्या साहेबांनी दुपारी बोलावलं. ते ओरडले वगैरे नाहीत. "कारण लिहून द्या. तीन ओळी बास," म्हणाले. मी टेबलाशी बसलो. गळ्यातला तो हार, काकांचा हात, वडलांनी यार्डात सगळ्यांना वाटलेले पेढे, सगळं समोर आलं. नोकरी पक्की व्हायची होती. मी इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. कडक ऊन, गरम वारा, आणि दुपारच्या वेळी पुरेसं पाणी न मारल्यामुळे स्लॅबला तडे गेले. जाळीचा उल्लेख नाही. तिचं नावही मी लिहिलं नव्हतं, आणि त्या वेळी मला तो मोठा चांगुलपणा वाटला होता. पण पाणी मारणारी साइटवर एकच बाई होती. ठेकेदाराच्या मुकादमाला नाव वाचायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. हातात गाठोडं. "पाईप गुंडाळून ठेवला जी. फावडं कोठीत देल्लं." मग म्हणाली, "मले वाईट वाटते साहेब. तुमची पयलीच स्लॅब होती. माह्यापायी तुमच्या नावाले बट्टा लागला."

मी म्हटलं, "जाऊ द्या बाई." आता बोला. मी तिला माफ केलं होतं.

"जेवत जा टायमावर," ती म्हणाली आणि जिना उतरली. तेंदूचा हंगाम सरत आला होता. उरलेल्या चार पानांसाठी जंगलात कोणी जात नाही. माझ्या शब्दावर तिनं तो सोडला होता आणि माझ्या तीन ओळींनी हे कामही गेलं. गावाकडचे लोक लवकर काही विसरत नाहीत. शेवंताच्या हातानं स्लॅब फाटला, असं त्या भागातल्या बांधकामांवर पसरलं, आणि पाण्याच्या कामाला तिला पुढे कोणी घेतलं नाही. हे मला रशीदभाईंनी सांगितलं. त्या आधी त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, अगदी हळू, "साहेब, जाळीचं काई लिहिलं नाई तुमी?" मी म्हटलं, नाही. "अच्छा," ते म्हणाले. पुढे ते कामापुरतं बोलत. चहाला बोलवायचे, ते बंद झालं. मी स्टँडवर जायचंही सोडलं. नागपूरला कोणत्या तोंडानं जावं ते कळेना.

यातली खरी गंमत, गंमतच म्हणायची, पंधरा दिवसांनी कळली. बाहेरून एक वयस्क तज्ज्ञ आले होते. त्यांनी ते चारही लांब तडे पाहिले, गुडघ्यावर बसून हातोडीनं ठोकून पाहिले, कान लावला. उठून पँट झटकली आणि मला विचारलं, "जाळी खाली बसली होती का हो?" आजूबाजूला कोणी नव्हतं. माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. ते म्हणाले, "बसतेच बऱ्याचदा. पुढच्या वेळी घोड्या जास्त घ्या. पत्र्यावरच्या स्लॅबला गर्डरवर एवढे तडे येतात, मजल्याला काही होत नाही. खालचा पत्रा धरून आहे. दिसायला बरं दिसावं म्हणून भरून घ्या." झालं. यासाठी मी जीव मुठीत धरून बसलो होतो. खरं बोललो असतो तर फार तर दोन शब्द ऐकून घ्यावे लागले असते. मी धावत जाऊन ते मोठ्या साहेबांना सांगायला हवं होतं की नाही? मी तडे भरून घेतले आणि गप्प बसलो. माझा कागद फाईलला लागून गेला होता.

निवृत्तीच्या थोडं आधी एका कामानिमित्त मी त्या कारखान्यात गेलो. दुसरा मजला तसाच. वर यंत्रं, कपाटं, एका कोपऱ्यात चहाची किटली. फरशी रंगवलेली होती, तरी तिरप्या उजेडात ते चार तडे दिसत होते. तिथला तरुण इंजिनिअर मला म्हणाला, "सर, ते जुने आहेत. केसाएवढेसुद्धा वाढले नाहीत. काहीच नाही ते." मी हो हो म्हटलं. तो मला काही समजावून सांगत होता आणि मी बोट फिरवून पाहावं म्हणून खाली वाकलो, तर गुडघा धरला. त्यानं हात देऊन उठवलं.

पण मी तिला भेटलो नाही असं नाही. तडे गेले त्याच वर्षी श्रावणात, एका रविवारी, मला राहवलं नाही. पोंभुर्ण्याची एस.टी. धरली, पुढे चिखलातून कोस-दीड कोस चालत गेलो. वाटभर मनाशी वाक्य घोकत होतो. बाई, ते लांब तडे तुमचे नव्हते, माझे होते. एवढंच म्हणायचं आणि परत फिरायचं. अवघड काही नव्हतं.

रोवणा संपत आला होता. ती नुकतीच बांधीतून येऊन अंगणात पाय धूत होती. मला पाहून तिला काही सुचेना. सुनेला हाक मारली, खाट टाकायला लावली, शेजारणीला सांगितलं, "हे आपले नागपूरचे साहेब. इंजिनेर होय. आपलाच पोट्टा." तिच्या आवाजात कुठे राग असेल म्हणून मी कान देऊन ऐकत होतो. नव्हता. मग माझ्यासमोर बसून तिनं सगळ्यात आधी विचारलं, "तडा बुजला का जी?"

"बुजला," मी म्हटलं.

"बरं झालं बाप्पा. माह्या जीवाले लागून होतं."

आता, मी मनाशी म्हटलं. आता बोल. अंगणाच्या कडेला मिरचीचा एक वाफा होता. अर्ध्यात हिरवीगार रोपं आणि उरलेला अर्धा नुसता मातीचा, बोडका. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "हे अर्धं काऊन रिकामं आहे बाई?"

ती हसली. तोंडाला पदर लावून, एखाद्या पोरीसारखी लाजून हसली. "काई सांगू नोका जी. इथी वापस आली ना, त मले रोज वाटे, का एवढे शिकलेले लोक म्हनते दुपारी पानी पाह्यजे होतं, त आपलंच चुकत असन. माह्या मायनं सांगतलं तसं मी करत आली, त मायचंबी चुकलंच असन. मंग या अर्ध्या वाफ्याले भर दुपारी पानी घातलं. आठ दिस घातलं." तिनं त्या बोडक्या मातीकडे हात केला. "सारं उकडून गेलं. सून लय बोलली मले."

वाक्य तयार होतं, पाठ होतं. सुनेनं ताट आणून ठेवलं. गरम भात, आंबाडीची भाजी, भुरका. शेवंताबाई म्हणाली, "जेवा साहेब. वाळले तुमी." आणि मी जेवलो. तीनदा भात घेतला. जेवण होईपर्यंत शेवटच्या गाडीची वेळ झाली होती. ती बांधापर्यंत पोचवायला आली, म्हणाली, पुढच्या स्लॅबले बलवा, दुपारीबी पानी मारीन. मी म्हटलं, बोलावीन.

पुढे धानोऱ्याला बदली झाली, मग आणखी कुठे कुठे. दहा वर्षांनी त्या गावात चौकशी केली तेव्हा ती राहिली नव्हती. सून म्हणाली, तुमचं नाव काढे.

माझ्या गच्चीवर एका कुंडीत मिरची आहे. भर दुपारी ती मान टाकते, कूलरची बादली माझ्या हातात असते, आणि दरवर्षी एखादा तरी शेजारी खालून सांगतो, काका, त्याला पाणी घाला की, सुकून चाललं. मी घालत नाही. खुर्ची ओढून सावलीत बसतो आणि दिवस कलू देतो. मग पोटभर पाजतो. आत येऊन एकट्याचं ताट वाढून घेतो. जेवले का, असं विचारायला कोणी नसतं. एक बाई विचारत होती, रोज, न चुकता. तिला मी तीन ओळींत काढून टाकलं, आणि तिच्या घरी जाऊन जेवून आलो.